रात्रीच्या तासाचे मोल

दिवसाचा तास व रात्रीचा तास सारखेच असतात काय? घड्याळ होय म्हणते. सरकारी हिशेब मात्र नाही म्हणतो. केंद्र सरकारच्या 2020 च्या आदेशाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील प्रत्येक तासास दहा मिनिटे अधिक धरून, ठराविक वेतनमर्यादेतील नोकरांस भत्ता द्यावयाचा ठरला. सोलापूर स्थानकात रात्रभर गाड्यांस वाट देणाऱ्या अशा नोकराचा तास सत्तर मिनिटांचा होतो. परंतु त्याच शहरात यंत्रमागावर चादरी व टॉवेल विणणाऱ्यास मजुरी मालाच्या मापावर मिळते, आणि वीण रात्रीची की दिवसाची हे मापास कळत नाही.

कोणी म्हणेल, त्याने रात्रपाळी राजीखुषीने पत्करली. ज्याच्या घरची चूल त्या मजुरीवर पेटते, त्याच्या राजीखुषीस आम्ही फारसे वजन देऊ शकत नाही. तथापि केवळ पैसे वाढवूनही न्याय होत नाही. शरीराचे अहोरात्रचक्र बिघडविणारे पाळीकाम बहुधा कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2007 साली दिला. अशा हानीची किंमत रुपयांत चुकती झाली असे मानले, तर गरजू मनुष्य झोप विकत राहील आणि आपण निश्चिंत निजू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1990 च्या रात्रपाळीविषयक कराराने भरपाई म्हणून वेतनाप्रमाणेच कामाच्या वेळेतील सवलतही सांगितली आहे. ती वाट आम्हांस अधिक न्याय्य वाटते. भत्ता ही निजणाऱ्या समाजाने दिलेली ऋणाची कबुली होय. ऋण फिटते ते विश्रांती परत केल्यानेच.