सुजलेला अंगठा आणि प्रारब्ध

मध्यरात्रीनंतर पायाचा अंगठा मुळाशी सुजतो, लाल होतो, तापतो, वरची चादरसुद्धा सोसवत नाही. आणि आठ-दहा दिवसांत सगळं आपोआप ओसरतं. गाऊटचा पहिला झटका बहुधा असाच येतो. सातपाटीच्या कोळीवाड्यात काय किंवा बोईसरच्या कामगार वस्तीत काय, असा पाय धरून बसलेल्याला वडीलधारं माणूस सांगतं, ‘भोग आहे, भोगूनच संपवायचा.’ या बोलण्यात धीर आहे, हे मला मान्य आहे. पण प्रारब्ध मानणाऱ्यालाही आपलं दुखणं नीट पाहण्याच्या कर्तव्यातून सुटका नाही, असं माझं ठाम मत आहे.

याला आधार परंपरेतच आहे. संयुक्त निकाय या बौद्ध ग्रंथात सिवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होतं का. बुद्ध ते नाकारतात. पित्त, कफ, वात, ऋतूंचा बदल, आघात अशी कारणं ते वेगवेगळी सांगतात. कर्म हे त्यांतलं केवळ एक. शिवाय, हे माणसाला स्वतःला जाणता येतं, असंही ते म्हणतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात आचार्य आत्रेय दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, दोन्ही मानतात. आयुष्य सर्वस्वी ठरलेलंच असतं तर औषधाला अर्थच उरला नसता, हा त्यांचा युक्तिवाद. सातपाटी-बोईसरच्या याच पालघर जिल्ह्यात, सोपाऱ्याच्या परिसरात, अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा 1956 साली सापडला. लोक आजारपणात नाना मंगलविधी करतात, ते करावेत, पण त्यांचं फळ थोडं, असा त्या लेखाचा आशय आहे. तो औषधाबद्दल बोलत नाही, हे खरं. पण आचाराला फळाची कसोटी लावायचं धाडस त्यात आहे, आणि ‘भोग’ या उत्तरालाही तीच कसोटी लावली पाहिजे.

यावर वजनदार आक्षेप असा की रोग ओळखणं डॉक्टरांचं काम; सामान्य माणूस स्वतःच नाव ठरवून मेडिकलमधून पेनकिलर आणेल. हा धोका खरा आहे. सांध्याच्या सुजेसोबत ताप किंवा थंडी असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. पण साक्ष देणं म्हणजे निकाल देणं नव्हे. गाऊट आपला पुरावा स्वतःच पुसतो. डॉक्टरांकडे जाईपर्यंत सूज उतरलेली असते. ज्याच्या स्फटिकांमुळे सांधा सुजतो ते युरिक ॲसिड ऐन झटक्यात रक्तात नॉर्मल येऊ शकतं, आणि ते वाढलेल्या कित्येकांना गाऊट कधीच होत नाही. सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक दिसले की खात्री पटते, पण ती तपासणी दर वेळी होत नाही. मग उरतं रोग्याचं सांगणं: कोणता सांधा, किती तासांत दुखणं कळसाला पोचलं, आधी ताडी किंवा बिअर झाली होती का, कारखान्याच्या उकाड्यात पाणी कमी पडलं का, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का.

इथे ‘खाल्लं-प्यालं ते भोगतोय’ हा ठपका आड येतो. पूर्वजन्माच्या जागी ताट आणि पेला आला, एवढाच फरक. युरिक ॲसिड मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं; ते किती साचतं यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, म्हणून माळकऱ्यालाही हा रोग गाठतो. ठपक्याच्या भीतीने माणूस ताडी लपवतो आणि साक्ष खोटी होते. वर्षात दोन किंवा अधिक झटके आले तर युरिक ॲसिड कमी करणारं औषध दीर्घकाळ द्यावं, असं आजचं वैद्यक मानतं. ते दोन झटके मोजणारं माणूस घरातच असतं, आणि मागचा झटका ‘भोग’ म्हणून सोडून दिला असेल तर डॉक्टरांसमोर त्याची तारीख कुणालाच सांगता येत नाही.