पोटच्या पोराचे भाडे

नाते आणि भाडे यांचे आपल्याकडे कधी जमले नाही. मावसभाऊ शिकायला म्हणून येतो, चार वर्षे राहतो आणि नमस्कार करून जातो. त्याच्यापुढे कुणी हिशेबाची वही उघडीत नाही. मग पोटच्या पोराकडून दरमहा भाडे घेणारी आई म्हटली की वाचकांच्या कपाळाला आठी पडायचीच. माझी धाकटी बहीण अशी आई आहे. ती न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहते. तिचा मुलगा स्वमग्न आहे. बोलतो थोडे, व्यवहार त्याला कळत नाही.

तो तिथेच जन्मला, तिथलाच नागरिक. तिकडचा कायदा असा, की अपंग मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत निर्वाहभत्ता ठरवताना आईबापांची मिळकत मोजायची. अठरा पूर्ण झाली की मोजायची नाही. पोरगा आता स्वतंत्र माणूस! 2025 साली हा भत्ता केंद्र सरकारकडून महिन्याला जास्तीत जास्त 967 डॉलर होता. पण हा स्वतंत्र माणूस आईबापांकडे फुकट राहत असेल, तर तो फुकटचा निवारा मिळकत धरून भत्ता सुमारे एक-तृतीयांशापर्यंत कापतात. आपला वाटा त्याने भरला की कपात टळते. चौघांच्या घराचे भाडे, वीज, पाणी मिळून 2400 डॉलर होत असतील, तर त्याचे 600. सप्टेंबर 2024 अखेरपर्यंत जेवणही या हिशेबात धरीत. आता तेवढे सोडले आहे. आईच्या हातच्या वरणभाताची किंमत लावताना कारकुनांचाही हात अडखळत असावा.

माझे एक वकील स्नेही याला नाटक म्हणतात. मुलाच्या वतीने भत्ता घेणारी ती, भाडे देणारी ती आणि घेणारीही तीच! आपल्या 1872 च्या करार कायद्यातसुद्धा करार करणाऱ्याला तो समजला पाहिजे, अशी अट आहे. आक्षेप बिनतोड आहे. पण मला तो अर्धाच पटतो, कारण मला आमचे गिरगावातले काका आठवतात.

काका आजोबांचे धाकटे चिरंजीव. त्यांची समज लहान मुलाएवढीच राहिली. चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांचा जन्म गेला. पहाटे नळावर पाणी भरावे, दूध आणावे, गॅलरी झाडावी, शेजारणींचे दळणही आणून द्यावे. त्यांना घरात कुणी वाईट वागवले नाही, हे मी मुद्दाम सांगतो. 1958 साली आजोबा वारले. तेव्हाच्या 1947 च्या भाडे कायद्याप्रमाणे खोली मृत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांपैकी आपसांत ठरेल त्याच्याकडे, न ठरल्यास कोर्ट सांगेल त्याच्याकडे जायची. आमच्याकडे पाच मिनिटांत ठरले आणि पावती थोरल्या काकांच्या नावावर झाली. धाकटे काकाही तिथेच राहत होते, पण त्यांचे नाव कुणाच्या ओठांवरसुद्धा आले नाही. त्या दिवसापासून पाहुण्यांना सांगताना शब्द बदलला. थोरले काका तिथे ‘राहत’ होते. धाकट्यांना ‘ठेवून घेतले’ होते. पाणी, दूध, झाडलोट हे त्यांचे भाडेच होते, नाही का? फक्त त्याची पावती कुणी फाडली नाही. पुढे थोरल्या काकांच्या सुनेला खोली अपुरी पडू लागली, तेव्हा धाकटे काका वळकटी घेऊन चार महिने इकडे, चार महिने तिकडे असे नातेवाइकांत फिरू लागले. भांडण कुणाशी करणार? त्यांचे तिथे काही होतेच कुठे?

म्हणजे भाडे घेतले की प्रश्न सुटला, असेही नाही. भाड्याला आपली एक क्रूर बाजू आहे: थकले की माणूस बाहेर. मी बहिणीला तसे विचारले.

“दादा,” ती म्हणाली, “उद्या भत्ता बंद झाला, तर मी त्याला बाहेर काढणार आहे का?”

“मग ते भाडे कसले?”

“ते तू ठरव. मी असताना त्याला माझी माया पुरेल. मी नसताना त्याच्या हातात काहीतरी असू दे.”

तिच्या त्या कागदाला तिकडे उद्या किती किंमत येईल, हे मला सांगवत नाही. पण माया वारसाहक्काने पुढे जात नाही, हे काकांच्या वळकटीने मला दाखवले आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला ती त्याला पावती लिहून देते. तो ती बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. गेल्या महिन्यात त्याने वडिलांना विचारले, “बाबा, तुमची?” त्यांनी घरमालकाची पावती दाखवली. त्याने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, बराच वेळ पाहिल्या आणि आपली तेवढी उचलून डब्यात टाकली.