दसऱ्याला काढायची गाडी

आमच्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे. 1986 सालची, फिकट पिस्ता रंगाची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असलेली. बाबांनी ती 1994 मध्ये सेकंडहॅण्ड घेतली. म्हणजे या घरात ती माझ्याआधी आली, आणि हे ती मला अजून विसरू देत नाही.

बर्फ पडणाऱ्या देशांत जुन्या गाड्या हिवाळ्यात झाकून ठेवतात, कारण बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं. पुण्यात हिवाळा हा उलट गाडी बाहेर काढायचा मोसम. आपल्याकडे पत्रा खातो तो पाऊस. त्यामुळे मृग लागला की आमची पद्मिनी पार्किंगमध्ये जाते आणि दसऱ्याला बाहेर येते. हा नियम बाबांचा.

गाडी ठेवण्याचंही एक शास्त्र आहे. ती आधी धुवायची, मडगार्डच्या आतला चिखल काढायचा आणि दोन दिवस उन्हात कडकडीत वाळू द्यायची. बॅटरीची टर्मिनलं सोडायची. हॅण्डब्रेक ओढायचा नाही, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. चाकांना विटा लावायच्या. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरायची. सीटखाली डांबराच्या गोळ्या ठेवायच्या, उंदरांसाठी. वरून सुती कापडाची गवसणी घालायची, प्लॅस्टिक कधीच नाही, कारण प्लॅस्टिकखाली रात्री वाफेचं पाणी होतं आणि गाडी पावसाशिवाय भिजते. पेट्रोलचं गणित आता अवघड झालंय. पूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवत, म्हणजे आत हवा कमी आणि दमटपणाही कमी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही.

हे सगळं मला पाठ आहे. तरीही 2023 च्या जूनमध्ये आत गेलेली गाडी मी त्या वर्षी बाहेर काढली नाही. कारण अगदी साधं होतं. दसऱ्याच्या आठवड्यात आमच्या टीमचं रिलीज होतं. मग दिवाळी आली, मग ‘जानेवारीत बघू’ झालं. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. 2003 साली नोंदलेली ती गाडी, वीस वर्षांची मुदत संपली. मी ती बातमी स्टेटसला टाकली, खाली रडका इमोजी लावला. माझी स्वतःची पद्मिनी तेव्हा तीन मजले खाली गवसणीत उभी होती. खाली जाऊन तिच्यावरची धूळ झटकावी, एवढंही मला सुचलं नाही.

गवसणी निघाली ती थेट ऑक्टोबर 2024 मध्ये. सोळा महिन्यांनी. टायर जमिनीला टेकले होते त्या बाजूने चपटे झाले होते. क्लच सुटेना. मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांनी संसार थाटला होता आणि वायरिंगचा बराच भाग त्यांच्या पोटात गेला होता. टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ. मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, “साहेब, ही चालून खराब नाही झाली. थांबून झाली.”

मला ते वाक्य लागलं, कारण या सोळा महिन्यांत मला एकदाही अपराधी वाटलं नव्हतं. उलट मी गाडी ‘जपतोय’ असंच वाटत होतं. ओरखडा नाही, खड्डे नाहीत, कर्वे रोडचं ट्रॅफिक नाही. कुणी विचारलं तर मी अभिमानानं सांगायचो, की आम्ही ती अजून ठेवली आहे. ‘ठेवली आहे’ या दोन शब्दांत किती काय काय लपवता येतं!

माझ्या कामात याचंच एक रूप रोज दिसतं. आमच्याकडे म्हणतात की ज्या बॅकअपवरून कधी काही परत आणून पाहिलं नाही, तो बॅकअप नव्हेच. वर्षभर न चालवलेला कोड आपण हात लावला नाही म्हणून तसाच राहत नाही. भोवतालच्या लायब्ररी बदलतात, सर्टिफिकेटं संपतात, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी तो उठत नाही. कुणी काही केलं नाही, एवढंच काय ते घडलेलं असतं. पण आपण दोष शोधतो तो नेहमी केलेल्या गोष्टींत. न केलेल्या गोष्टीला लॉग नसतो.

इथवर हा गाडीचा विषय होता. पण त्याच सोळा महिन्यांत आम्ही घरात आणखी कुणावर तरी गवसणी घातली होती.

मार्च 2024 मध्ये बाबा बाथरूममध्ये पडले. मनगट मोडलं, प्लास्टर लागलं, दीड महिन्यात बरंही झालं. पण आम्ही घाबरलो ते घाबरलोच. त्यांचं सकाळी पर्वती चढणं बंद केलं. मंडईत जाऊन स्वतः पारखून भाजी आणणं बंद, कारण दहा मिनिटांत घरपोच येते. बँकेत जाणं बंद, कारण ॲप आहे. विजेचं बिल मी भरतो. प्रत्येक गोष्ट प्रेमापोटीच केली, आणि प्रत्येक गोष्ट केल्यावर ते थोडे अधिक सुरक्षित आणि थोडे अधिक गप्प होत गेले.

25 जुलै 2024 ची सकाळ आठवते. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं. आमच्या गल्लीपर्यंत ते आलं नाही, पण पाऊस कोसळत होता. बाबा म्हणाले, “मी खाली जाऊन गाडी बघून येतो. पाणी साचलं असेल तर उंचावर घेऊ.” आई म्हणाली, जिना ओला आहे. मी म्हणालो, “बाबा, तुम्ही बसा, मी बघतो.” आणि मी लॅपटॉपवरून उठलो नाही. अर्ध्या तासाने त्यांनी परत विचारलं, तेव्हा मी म्हणालो, “काही होत नाही गाडीला.” ते पुन्हा काही बोलले नाहीत. खिडकीपाशी जाऊन बसले.

ऑक्टोबरमध्ये मेकॅनिककाका ‘थांबून झाली’ म्हणाले तेव्हा बाबा माझ्या शेजारी उभे होते, काठी टेकून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला मात्र त्यांच्याकडे पाहावं लागलं. सहा महिन्यांपूर्वी पर्वती चढणारा माणूस तीन मजले उतरून धापा टाकत होता.

आता याचा सोपा निष्कर्ष काढता येईल: जे आहे ते वापरा, झाकून काहीही ठेवू नका. पण तो मला खोटा वाटतो. आषाढातल्या पावसात गाडी रोज फिरवली तर पत्रा सडेल, हे खरंच आहे. बाबांचं मनगट मोडलं, हेही खरंच आहे. झाकणं हा काही केवळ भित्र्यांचा उद्योग नाही.

शिवाय काही वस्तू न वापरताही जिवंत राहतात. शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्ते आहेत, दिवे आहेत, कुलपं आहेत. त्या अडकित्त्यांनी आता कुणी सुपारी कातरत नाही. दिनकर केळकरांनी हा सगळा संग्रह आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभा केला. त्या वस्तूंचं काम बदललं, थांबलं नाही. त्या रोज बघितल्या जातात, पुसल्या जातात, त्यांच्यासमोर शाळेची मुलं उभी राहतात. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी केलेल्या नियमांतही अशीच काहीशी समज आहे. पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. ती रोजच्या वापराला काढायची नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला न्यायची मुभा आहे. आमची पद्मिनी 2036 मध्ये पन्नाशी गाठेल. तोवर ती कायद्याच्या लेखी नुसतीच म्हातारी.

मग विसावा आणि अडगळ यांत फरक कशाने पडतो?

पावसात थांबणं आपल्याकडे जुनंच आहे. कार्ल्या-भाज्याची लेणी आपण सहलीला जाऊन पाहतो. वर्षभर फिरणारे बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणत. मराठ्यांच्या फौजाही पावसाळ्यात छावणीला असत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. या दोन्ही थांबण्यांत एक गोष्ट सारखी आहे: थांबतानाच निघायचा दिवस ठरलेला असे. वर्षावासात आणखी एक गोष्ट होती, जी मला फार आवडते. तो संपताना पवारणा नावाचा विधी होई. प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करी, की या काळात माझ्या हातून काही चूक झालेली दिसली असेल, ऐकली असेल, तशी शंका आली असेल, तर मला सांगा. थांबलं होतं म्हणून सगळं ठीकच असेल, असं ते धरून चालत नसत.

बाबांच्या नियमात हे दोन्ही होतं. मृगाला आत, दसऱ्याला बाहेर, आणि बाहेर काढल्यावर पहिला आठवडा नुसती तपासणी. मी त्यातला ‘आत’ तेवढा पाळला. दसरा गाळला की त्याच गवसणीखाली त्याच गाडीचं भंगार होतं. बाहेरून बघणाऱ्याला तर फरक कळणारही नाही.

पण गाडीची उपमा माणसाला लावताना एका ठिकाणी ती मोडते, आणि मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे. गाडीला विचारता येत नाही, म्हणून तिच्यासाठी मी ठरवणं हे माझं कर्तव्य आहे. बाबांना विचारता येत होतं. आम्ही विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं आणि ते नको होतं. त्यांना पडण्याची जोखीम घेऊन मंडईत जायचं होतं. आम्ही काळजी म्हणत होतो त्यात आमची सोयही होती: ऑफिसमध्ये बसल्या बसल्या माझा जीव थाऱ्यावर राहावा, म्हणून त्यांनी घरात राहायचं. एखाद्याची भीती कमी करण्यासाठी दुसऱ्यानं किती आकसायचं? मला याचं नेमकं माप सापडलेलं नाही. एवढंच कळलंय, की ते माप ज्याला आकसायचंय त्याला वगळून काढता येत नाही.

पद्मिनी जानेवारीत दुरुस्त झाली. खर्चाचा आकडा आईला अजून सांगितलेला नाही. त्याच महिन्यात बाबांनी एक दिवस जाहीर केलं, की ते मंडईत जाणार, एकटे. स्वारगेटपर्यंत बस, तिथून एक स्टेशन मेट्रो. मी बरोबर येतो म्हणालो, नको म्हणाले. लोकेशन शेअर करा म्हणालो. ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले. शेवटी ठरलं ते असं, की घरी परत आल्यावर फोन करायचा. तोपर्यंतचे अडीच तास मी मीटिंगमध्ये काय बोललो, मला आठवत नाही. फोन आला तेव्हा ते वांग्यांच्या भावाबद्दल चिडलेले होते. इतका वेळ चिडलेले ते कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

ते पुन्हा पडू शकतात. हा लेख वाचून कुणाला वाटेल की मी तो प्रश्न सोडवला, तर तसं नाही. मी तो फक्त त्यांच्याकडे परत दिलाय.

या जूनमध्ये गाडी आम्ही दोघांनी मिळून ठेवली. टर्मिनलं त्यांनी सोडली, विटा मी लावल्या. गवसणी घालायच्या आधी मी एका कागदावर ‘बाहेर काढणे : 2 ऑक्टोबर, दसरा’ असं लिहून काचेच्या आतून चिकटवलं. बाबांनी ते वाचलं, पेन मागितलं आणि खाली लिहिलं : ‘चालवणार कोण?’

हा प्रश्न मंडईपेक्षा अवघड आहे. मंडईत पडले तर ते पडतील. स्टिअरिंग हातात असलं तर रस्त्यावरच्या बाकीच्यांनाही विचारायला हवं. हे त्यांनाही कळतं, म्हणूनच त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं असावं.

दसरा पुढच्या आठवड्यात आहे. झेंडूची फुलं ते स्वतः मंडईतून आणणार आहेत. बाकीचं त्या दिवशी खाली, गाडीशेजारी उभं राहून ठरवू.