पूर्वजांचे पाप आणि आपले

पापाचा वारसा चालतो की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्रात जितका जुना आहे तितकाच तो मनुष्याच्या अंतःकरणात अनिर्णीत राहिला आहे. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, परंतु द्यूत आणि मद्यपान यांपायी झालेले कर्ज किंवा राजदंडाची राहिलेली बाकी त्याच्या माथी मारू नये, असा निवाडा मनूने करून ठेवला आहे. आणि वाल्या कोळ्याच्या कथेत तर त्याच्या लुटीवर पोसलेल्या बायकामुलांनीच पापाचा वाटा उचलण्यास साफ नकार दिला. नथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन कादंबरीकाराने मात्र हा वाटा कोणी मागितला नसताना आपण होऊन उचलला, आणि त्या एका कृतीतून त्याचे बहुतेक सारे श्रेष्ठ वाङ्मय जन्मास आले.

४ जुलै १८०४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदरात तो जन्मला. त्याचा मूळपुरुष विल्यम याने क्वेकर पंथाच्या स्त्रीला भर रस्त्यात फटके मारण्याचे फर्मान काढले होते. विल्यमचा पुत्र जॉन हा १६९२ मधील चेटकिणींच्या खटल्यांतील एक न्यायाधीश. आरोपीला तो प्रथम दोषी समजे आणि मग प्रश्न विचारी, हे त्या जबान्या आजही वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते. एकोणीस माणसे फासावर चढली आणि एका वृद्धाला छातीवर दगड रचून मारण्यात आले. त्या पातकाचे स्मरण सेलममध्ये दीड शतकानंतरही विझले नव्हते. बापाचे निधन झाले तेव्हा नथॅनिएल चार वर्षांचाही झाला नव्हता. पुढे महाविद्यालयीन शिक्षण संपवून १८२५ मध्ये तो घरी परतला आणि सुमारे बारा वर्षे जवळजवळ एकांतात वाचत, लिहीत आणि लिहिलेले जाळीत राहिला. त्या एकांतात त्याला सोबत होती ती या मृत न्यायाधीशांची.

उदरनिर्वाहासाठी १८४६ मध्ये त्याने सेलमच्या जकात कचेरीतील हुद्दा पत्करला. १८४९ मध्ये सत्तांतर होताच तो बडतर्फ झाला, त्याच उन्हाळ्यात आई निवर्तली, आणि त्या दुहेरी आघातानंतर त्याने जी कादंबरी लिहिली ती ‘द स्कार्लेट लेटर’. कचेरीच्या माळ्यावर जुन्या दप्तरांत लाल कापडाचे एक अक्षर सापडल्याची कल्पित हकीकत तिच्या प्रास्ताविकात आहे. तेथेच पूर्वजांची लज्जा आपण आपल्यावर घेत आहोत आणि त्यांच्यावर काही शाप असलाच तर तो येथून पुढे टळो, असे त्याने प्रकटपणे लिहिले. हे लिहिताना तो अलंकार योजीत होता असे मला वाटत नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘द हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स’मध्ये त्याने प्रश्न अधिक खोल नेला. एका धनाढ्याने गरिबाला चेटकी ठरवून त्याची जमीन बळकावली आणि तिच्यावर वाडा बांधला. त्या वाड्यात राहणारे वंशज निरपराध खरे, परंतु भिंती आणि छप्पर यांचा उपभोग तर ते घेतच आहेत! शासन वारशाने येत नसेल, पण लाभ वारशाने येतो, आणि ज्याने लाभ ठेवून घेतला त्याला मनूचा निवाडा पुढे करून हात झटकता येणार नाही, हा त्या कादंबरीचा मर्मभेदी विचार आहे.

परंतु चेटकिणींच्या खटल्यांच्या त्याच न्यायासनावर जॉनच्या बरोबरीने आणखी एक गृहस्थ बसले होते, आणि त्यांचे चरित्र आठवल्यावाचून हा प्रश्न पुरता उलगडत नाही. सॅम्युअल स्यूअल हे ते न्यायाधीश. जानेवारी १६९७ मध्ये बोस्टनच्या प्रार्थनामंदिरात सर्व मंडळींसमक्ष ते उभे राहिले आणि धर्मोपदेशकाने त्यांची कबुली वाचून दाखविली, की त्या खटल्यांचा दोष आणि लज्जा आपण आपल्या माथी घेत आहोत. जॉन हॉथॉर्नने असा पश्चात्ताप जाहीरपणे कधीही केला नाही. आणि १७०० मध्ये याच स्यूअलनी ‘द सेलिंग ऑफ जोसेफ’ नावाची एक छोटी पुस्तिका छापली. त्या वसाहतीत गुलामगिरीच्या विरुद्ध छापून निघालेल्या अगदी आरंभीच्या लिखाणांत तिची गणना होते. पहिल्या कबुलीतून दुसरे लिखाण निघाले असे सिद्ध करता येणार नाही; तरीही ज्याने आपले स्वतःचे पाप जिवंतपणी आणि चारचौघांत मान्य केले त्याची दृष्टी शेजारच्या पापाकडेही वळली, हा क्रम मला केवळ योगायोग वाटत नाही. त्या खटल्यांतील पहिल्या आरोपी स्त्रियांमध्ये टिटुबा नावाची एक गुलाम स्त्री होती, आणि तिची जबानी घेणारा जॉन हॉथॉर्नच होता. पणतवंडाच्या मुलाने ज्यांच्या छळाची लज्जा स्वतःवर घेतली त्या बळींमध्ये दास्याचा प्रश्न असा प्रथमपासून उभा होता.

तो प्रश्न नथॅनिएलला दिसला का? १८५२ मध्ये महाविद्यालयातील मित्र फ्रँकलिन पियर्स राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा त्याचे प्रचारचरित्र हॉथॉर्ननेच लिहिले, आणि गुलामगिरी हे मनुष्यकृत उपायांनी दूर होणारे अरिष्ट नसून ईश्वरी योजनेने यथाकाल आपोआप लयास जाईल, असे मत त्यात मांडले. त्याच्या दोन्ही मेहुण्या गुलामगिरीच्या कट्टर विरोधक होत्या. पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा दोनच वर्षांपूर्वी झालेला होता. पियर्स निवडून आला आणि हॉथॉर्नला लिव्हरपूलच्या वकिलातीची किफायतशीर नेमणूक मिळाली, त्या लिव्हरपूलची, जेथील बंदर दास्यात पिकलेल्या अमेरिकन कापसावर भरभराटले होते. वाडा आणि त्याचे निरपराध रहिवासी यांचा हिशेब ज्याने इतक्या सूक्ष्मपणे मांडला त्याने आपल्या दरमहाचा हिशेब मांडला नाही, याचे मला मनापासून दुःख होते, कारण माझा त्याच्यावर लोभ आहे. मृत पूर्वजाचे पाप शिरावर घेण्यात वेदना असते, परंतु तेथे कोणी समोरून उत्तर मागत नाही. आपल्या पिढीच्या पापात मात्र मित्र, चाकरी आणि पक्ष हे सारे गुंतलेले असतात, आणि ते कबूल करू गेले तर त्यांतले काही ना काही सुटते. ‘द स्कार्लेट लेटर’मधील धर्मोपदेशक डिम्सडेलला शिक्षेच्या चौथऱ्यावर उभे करून कबुलीजबाब द्यायला लावणाऱ्या लेखकाला ही किंमत ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल?

१८६२ च्या वसंतात, यादवी युद्ध पेटलेले असताना, तो वॉशिंग्टन आणि व्हर्जिनिया पाहून आला, आणि त्यावरील लेख जुलैमध्ये ‘अटलांटिक मंथली’त प्रसिद्ध झाला. वाटेत स्वातंत्र्याकडे निघालेल्या गुलामांचा एक जथा त्याने पाहिला होता. त्यांच्याविषयी लिहिताना त्याने म्हटले, की प्युरिटन यात्रेकरूंना आणणाऱ्या ‘मेफ्लॉवर’नेच पुढच्या एका सफरीत दक्षिणेत गुलाम उतरविले, म्हणून हे लोक आपले बंधू होत. इतिहासाच्या कसोटीला हे विधान उतरत नाही, कारण ते जहाज दुसरे होते. लेखातील बाकीचा सूर संशयाचा आणि थकव्याचा आहे. तरीही जो प्रश्न १८५२ मध्ये त्याने ईश्वराच्या हवाली केला होता त्याला दहा वर्षांनी का होईना त्याने आपल्याच वंशावळीत जागा दिली. त्या जागेवरून नवी कादंबरी सुरू होऊ शकली असती. पण त्याच्या दप्तरात अपुरी हस्तलिखिते साचत गेली आणि १९ मे १८६४ रोजी न्यू हॅम्पशायरमधील एका मुक्कामी, पियर्सच्याच सोबतीने प्रवास करीत असताना, तो मरण पावला.