वाटेवरचे ‘थोडेसे काही’ आणि देणाऱ्याचा हिशेब

वाचकहो, अशी कल्पना करा की तुम्ही केनियात आहात आणि मोटार घेऊन मोंबासाहून नैरोबीकडे निघाला आहात. कोकणातील कितीतरी मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पूर्व आफ्रिकेत राहत आली आहेत. त्यांच्याकडे लग्नकार्याला, नोकरीला किंवा व्यापाराला गेलेल्या माणसाला हा रस्ता परका नाही. जवळजवळ पाचशे किलोमीटरचा प्रवास, बंदरातून माल घेऊन निघालेल्या ट्रकांच्या रांगा आणि त्सावोची तांबडी माती. मध्येच रस्त्यावर खिळ्यांच्या पट्ट्या आडव्या टाकलेल्या दिसतात. गणवेशातील माणूस हात वर करतो, हसून विचारपूस करतो आणि वाहनचालक परवाना मागतो.

परवाना त्याच्या हातात जातो आणि तिथेच राहतो. तो टायर पाहतो, लाल त्रिकोण आहे का ते पाहतो, गाडीभोवती एक फेरी मारतो. मग सांगतो की प्रकरण न्यायालयात न्यावे लागेल, न्यायालय दूर आहे, आज तर काम होणारच नाही. एवढे बोलून तो गप्प बसतो. त्या शांततेचा अर्थ तिथे सर्वांना ठाऊक आहे. स्वाहिलीत त्याला ‘किटु किडोगो’ म्हणतात, म्हणजे ‘थोडेसे काही’. कधी नुसते ‘चाय’ म्हटले तरी पुरते.

हे वाचून आपण त्या देशाला नावे ठेवू नयेत. आपल्याकडे ‘चहापाणी’ हा शब्द काय केवळ चहासाठी वापरला जातो? शिवाय या रोगाविरुद्ध केनियातील माणसेच प्रथम बोलली आहेत. एरिक वैनाइना या गायकाने २००१ साली ‘थोडेसे काही’ मागणाऱ्या आपल्याच देशावर गाणे केले आणि ते घरोघरी पोहोचले. तेव्हा प्रश्न त्यांचा किंवा आपला असा नाही. तो गाडीत बसलेल्या, खिशात नोट असलेल्या मोमिनचा आहे. त्याने काय करावे?

देणाऱ्यालाही बजावले आहे

सूरह अल्-बकरहच्या १८८ व्या आयतीत अल्लाहने एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई केली आहे. त्याचबरोबर लोकांच्या मालाचा काही भाग जाणूनबुजून गिळंकृत करण्यासाठी ती संपत्ती अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवू नका, असेही बजावले आहे. येथे योजलेले अरबी क्रियापद विहिरीत बादली सोडण्याच्या क्रियेशी जोडलेले आहे. ‘रिश्वत’ या शब्दाचे नातेही भाषाकारांनी विहिरीच्या दोराशी सांगितले आहे. स्वाहिलीत लाचेला ‘रुश्वा’ म्हणतात, तोही याच शब्दाचा वंशज. दोराचे एक टोक नेहमी बादली सोडणाऱ्याच्या हाती असते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्याकडून आलेल्या आणि अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदवलेल्या हदीसनुसार, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लाच देणारा आणि लाच घेणारा अशा दोघांनाही धिक्कारले आहे. मुसनद अहमदमधील एका कथनात मध्यस्थाचाही समावेश आहे. परदेशात हिंडणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘आम्ही काहीच दिले नाही, ड्रायव्हरने बघून घेतले’ हे वाक्य प्रवासाच्या गप्पांत सहज येते. पैसा आपला, सोय आपली आणि हात मात्र गरीब ड्रायव्हरचा! अशाने आपण सुटत नाही, उलट आणखी एका माणसाला त्यात गुंतवतो.

मग जो अडवला गेला आहे, ज्याचा काहीही अपराध नाही, तोही या धिक्कारात येतो काय?

अबिसीनियातील दोन दीनार

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक जुनी घटना समोर येते, आणि ती केनियाच्या शेजारच्याच भूमीत घडलेली आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) अबिसीनियात असताना त्यांना कसल्याशा कारणावरून अडकवण्यात आले. त्यांनी दोन दीनार दिले, तेव्हा त्यांची सुटका झाली. इब्ने असीर (रह.) यांनी आपल्या ‘निहाया’ या ग्रंथात लाचेचा अर्थ सांगताना ही घटना नमूद केली आहे. आपला हक्क मिळवण्यासाठी किंवा जुलूम टाळण्यासाठी जे द्यावे लागते ते निषिद्ध लाचेत मोडत नाही, असे ते स्पष्ट करतात. हसन बसरी (रह.) आणि शअबी (रह.) यांच्यासारख्या ताबिईंचेही मत असेच नोंदले आहे की जुलमाच्या भीतीने माणसाने आपला जीव व माल वाचवण्यासाठी काही दिले तर त्यात हरकत नाही. कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई मसलकाचे आहेत. त्या मसलकाचे थोर इमाम नववी (रह.) यांनी आपला न्याय्य हक्क मिळवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या रकमेची तुलना कैद्याच्या सुटकेसाठी भरलेल्या खंडणीशी केली आहे. घेणाऱ्यासाठी मात्र ती रक्कम सर्व परिस्थितीत हरामच आहे.

या घटनेत आणखी एक बोध आहे. अबिसीनियाचा राजा नजाशी न्यायी होता. त्याच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही म्हणूनच प्रेषितांनी (स.) छळलेल्या सोबत्यांना तिकडे जाण्यास सांगितले होते. तरीही त्या भूमीत कोणीतरी एका निरपराध परक्याकडून दोन दीनार काढलेच. सिंहासनावरचा न्याय रस्त्यावर आपोआप उतरत नाही. परका माणूस दिसला, त्याला भाषा येत नाही, त्याला पुढे जायची घाई आहे, एवढे हेरले की दुर्बल मनाच्या अधिकाऱ्याला मोह होतो. हा मोह त्या काळी होता आणि आजही आहे.

सवलत नेमकी कोणाची?

येथपर्यंत वाचून अनेकांना हायसे वाटेल. ‘चला, परवानगी आहे!’ असे म्हणून ते पान उलटतील. पण थांबा. ही परवानगी जुलूम झालेल्याला आहे, गैरसोय झालेल्याला नाही. आणि अपराध्याला तर मुळीच नाही.

केनियात वस्तीच्या भागात ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे. समजा, तुम्ही त्या भागातून ऐंशीच्या वेगाने गेलात आणि अडवले गेलात. आता पोलिसाने मागितलेली रक्कम तुम्ही देता तेव्हा नेमके काय विकत घेता? न्याय्य दंडातून सुटका! ही कैद्याची खंडणी नव्हे. आयतीत जिला मनाई केली आहे ती हीच बादली. वरकरणी दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात: तोच नाका, तोच माणूस, तीच नोट. परंतु एका प्रसंगात तुम्ही आपला हक्क सोडवून आणता, दुसऱ्यात लोकांचा हक्क बुडवता. रस्त्याच्या कडेने शाळेत निघालेल्या मुलाला सुरक्षित चालण्याचा हक्क आहे. त्या देशात रस्ते अपघातांत दरवर्षी चार हजारांहून अधिक माणसे मरतात. ज्या मटाटूत क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी कोंबले आहेत, ज्या ट्रकचे ब्रेक धड नाहीत, तीही वाहने अशाच घडी घातलेल्या नोटेवर पुढे जातात.

परदेशी माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. व्हिसा हा एक करार आहे. त्या देशाने आपल्याला अभय दिले आणि आपण त्याचे कायदे पाळण्याचे वचन दिले. सूरह अल्-माइदहची पहिलीच आयत ईमानधारकांना करार पूर्ण करण्याचा आदेश देते. पाहुणा म्हणून जाऊन यजमानाचा कायदा पैशाने वाकवणे हा वचनभंगही आहे.

म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी खरोखरच निरपराध आहे काय? दुसरा सरळ मार्ग खरोखरच बंद आहे काय? आणि मी टाळत आहे ते नुकसान आहे, की केवळ खोळंबा? रात्रीची वेळ आहे, रस्ता निर्मनुष्य आहे, गाडीत आजारी मूल आहे आणि समोर बंदूकधारी माणूस परवाना देत नाही, अशा वेळी देणारा माणूस मजबूर आहे. त्याने द्यावे, मनातून त्या कृत्याचा धिक्कार करावा आणि आपल्या माणसांना सुखरूप घेऊन जावे. पण भरदिवसा, चार माणसांत, केवळ अर्धा तास वाचवण्यासाठी देणाऱ्याने ‘मजबुरी’ हा शब्द वापरू नये.

परवान्यात घडी घातलेली नोट

अनेक चालक घरून निघतानाच परवान्याच्या घडीत एक नोट ठेवतात. पोलिसाने परवाना उघडला की नोट आपोआप त्याची होते. ना मागणी, ना घासाघीस. ही युक्ती शहाणपणाची म्हणून नवख्यालाही शिकवली जाते.

वाचकहो, या नोटेचा विचार करा. ती ठेवली तेव्हा तुम्हाला कोणी अडवले होते? कोणी धमकी दिली होती? त्या क्षणी तुम्ही आपल्या अंगणात, आपल्या माणसांत उभे होता. जुलूम अजून घडलाच नव्हता आणि त्याची किंमत तुम्ही आधीच काढून ठेवली होती. कदाचित समोरचा पोलीस प्रामाणिक असेल. त्याने काहीच मागितले नसते. त्याच्यापुढे मोहाचे ताट वाढून ठेवणारे तुम्हीच! हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांनी ते दोन दीनार अडकल्यावर दिले होते, अडकण्यापूर्वी नव्हे. सवलत ही औषधासारखी असते. औषध रोज जेवणात मिसळणाऱ्याला आपण रोगी म्हणत नाही, व्यसनी म्हणतो.

काही जण म्हणतात, ‘बिचाऱ्याचा पगार कमी आहे. सदका समजून देतो.’ यावर प्रेषितांनीच (स.) कसोटी दिली आहे. जकात गोळा करण्यासाठी पाठवलेल्या एका माणसाने परत येऊन काही माल बैतुल्-मालचा म्हणून आणि काही आपल्याला भेट मिळालेला म्हणून वेगळा काढला. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की हा आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या काय? बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. तीच कसोटी इथे लावा. तो पोलीस गणवेश उतरवून आपल्या घरी बसला असता, तर तुम्ही गाडी थांबवून त्याला ‘सदका’ द्यायला गेला असता काय?

मागून येणारा

आपल्यासाठी ती रक्कम किरकोळ असते. पण प्रत्येक नोट त्या नाक्यावरचा भाव ठरवते. परदेशी माणूस सहज देऊन जातो आणि त्याच्यामागून मोटारसायकलवर भाजी नेणारा येतो. त्याच्यासाठी तीच रक्कम दिवसभराची कमाई असते. आपण पुढे निघून जातो, जुलूम मात्र तिथेच उभा राहतो; आणि त्याला आपणच थोडे अधिक धीट केलेले असते.

याउलटही घडू शकते, हे केनियानेच दाखवले आहे. डिसेंबर २००२ च्या निवडणुकीनंतर सत्तांतर झाले. पुढच्या काही आठवड्यांत मटाटूतील सामान्य प्रवाशांनी लाच घेणाऱ्या पोलिसांना जाब विचारल्याच्या, इतकेच नव्हे तर त्यांना पकडून दिल्याच्या बातम्या आल्या. तो उत्साह फार टिकला नाही. पण दोराचे एक टोक आपल्या हाती आहे हे त्या प्रवाशांना तेवढ्या काळात कळले होते. पुढे २०१६ साली त्या देशाने केलेल्या लाचविरोधी कायद्यात देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते.

मग करायचे काय?

पहिले काम घरूनच सुरू होते: परवाना, विमा, त्रिकोण, टायर सगळे ठीकठाक ठेवणे आणि वेगमर्यादा पाळणे. निरपराध राहणे हीच सर्वांत मोठी ढाल आहे. अडवले गेल्यावर सलाम-नमस्कार करावा, आवाज चढवू नये, आरोप करू नये. कोणता नियम मोडला ते विचारावे आणि लेखी नोटीस मागावी. तिथल्या रीतीनुसार ठाण्यात रोख जामीन भरून पावती घेता येते आणि न्यायालयात उभे राहता येते. ‘चला, ठाण्यात जाऊ, मी पावती घेऊन पैसे भरतो’ हे वाक्य शांतपणे म्हणावे आणि मग वाट पाहावी. सब्र म्हणजे केवळ संकटात रडू न येणे नव्हे. रस्त्याच्या कडेला उन्हात तासभर उभे राहणे हाही सब्रच आहे. अपराध झाला असेल तर तो कबूल करून दंड भरावा. त्यात अपमान नाही. आणि खरोखर नाइलाजाने द्यावेच लागले, तर नंतर सुरक्षित जागी पोहोचल्यावर तक्रार करावी. त्यासाठी तिथे भ्रष्टाचारविरोधी आयोग आहे. तक्रार न करता ती घटना गमतीने सांगत सुटणे हे जुलमाला रीत बनवणे आहे.

रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांनाही प्रेषितांनी (स.) रस्त्याचा हक्क अदा करण्यास सांगितले होते आणि कोणाला त्रास न देणे हा त्या हक्काचा भाग ठरवला होता. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. आपण काटा उचलतो, दगड बाजूला सारतो. आपण न दिलेली एक नोटही मागून येणाऱ्याच्या वाटेतला काटा दूर करू शकते.

अल्लाह आपल्या प्रवासांना सुखरूपता देवो, मजबुरी आणि सोय यांतला फरक ओळखण्याची दृष्टी देवो, आणि आपला माल व आपले हात दोन्ही स्वच्छ ठेवो. आमीन.