शस्त्रपूजा, शस्त्रपरीक्षा आणि प्रामाण्याचा प्रश्न

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात महानवमीला, म्हणजे मराठी घरांत जिला खंडेनवमी म्हणतात त्या दिवशी, कारखान्यांतील यंत्रे, कंपन्यांच्या बसगाड्या आणि दारातल्या दुचाकी यांची पूजा होते व कुंकू भरलेला कोहळा फोडला जातो. परवान्याचे पिस्तूल असलेल्या घरी तेही रिकामे करून पाटावर मांडणे शस्त्रपूजेच्या जुन्या प्रघाताला धरूनच आहे. पूजेतून शस्त्राविषयीची श्रद्धा व्यक्त होते. परंतु जीवरक्षणासाठी नवे पिस्तूल जवळ बाळगणाऱ्याने त्यावर कशाच्या आधारे विसंबावे हा प्रश्न निराळा असून, एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते याची जी चर्चा भारतीय दर्शनांनी प्रामाण्यवाद या नावाने केली, तिच्या कक्षेत तो नेमका बसतो.

मीमांसकांचे, विशेषतः कुमारिल भट्टांचे, मत स्वतःप्रामाण्याचे आहे: ज्ञान उपजतच प्रमाण मानावे आणि त्याच्या कारणात दोष आढळला किंवा ते खोटे पाडणारे बाधक ज्ञान पुढे आले, तरच ते सोडावे. या न्यायाने कारखान्यातून तपासून आलेले पिस्तूल बिघडेपर्यंत चांगलेच समजावे लागेल. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात. त्यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ झाल्यानेच कळतो, आणि वात्स्यायनांच्या न्यायभाष्याचा आरंभच या विचाराने होतो.

शस्त्राच्या बाबतीत नैयायिकांची बाजू निःसंशय बळकट आहे. मीमांसकांच्या मांडणीत चूक नंतर दुरुस्त करायला वेळ उरतो असे गृहीत आहे, तर येथे बाधक ज्ञान होण्याचा क्षण हाच प्राण जाण्याचा क्षण ठरू शकतो. नव्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, ज्या खाचांतून सरकते तेथे यंत्रकामाची बारीक कड राहिलेली असू शकते, स्प्रिंगा ताठ असतात, आणि त्यामुळे झाडलेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर न पडता मध्येच अडकते किंवा मॅगझिनमधून वर येणारे काडतूस नळीच्या तोंडाशी तिरके बसते. हे दोष पाहून दिसत नाहीत, गोळ्या झाडूनच उघड होतात. म्हणून पिस्तूल साफ करून, तेल देऊन, अधिकृत रेंजवर ते पुष्कळदा चालवून पाहावे लागते. भारतात एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा परवान्याने घातलेली असते, त्यामुळे ही परीक्षा महाग पडते; तरीही काडतुसे जपण्यासाठी ती टाळणे हा काटकसरीचा सर्वांत घातक प्रकार होय.

येथे मीमांसकांचा खरा आक्षेप उभा राहतो. परीक्षेचे ज्ञानही परीक्षेनेच सिद्ध व्हायचे असेल तर हा क्रम कोठेच थांबणार नाही, म्हणजे अनवस्था ओढवेल. शिवाय झाडलेले काडतूस संपलेले असते आणि नळीत असलेले काडतूस नेहमीच न तपासलेले असते. नैयायिकांच्या बाजूने वाचस्पती मिश्रांनी पुढे आणलेली तज्जातीयत्वाची कल्पना, म्हणजे पूर्वी सफळ ठरलेल्या ज्ञानाच्याच जातीचे हे ज्ञान आहे हे ओळखणे, या अडचणीतून वाट काढते, मात्र ती जाचक अटीही घालते. तोच काडतुसाचा प्रकार, तेच मॅगझिन, तीच हाताची पकड असेल तरच नवा प्रसंग जुन्याच्या जातीचा ठरतो. काडतुसाचा बनवणारा बदलला किंवा स्प्रिंग नवी घातली की जात बदलली, आणि आधीच्या शंभर यशस्वी गोळ्यांची साक्ष तेवढ्यापुरती निकामी झाली.

एवढे करूनही शंकेला जागा राहतेच. नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेची मर्यादा व्याघाताने, म्हणजे शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच वर्तनाशी येणाऱ्या विरोधाने, ठरवली आहे: अग्नीवाचून धूर होईल अशी शंका बोलून दाखवणाराही धूर हवा असला की अग्नीच पेटवतो. या कसोटीला दोघेजण उतरत नाहीत. ज्याने पुरती परीक्षा केली आणि तरीही जो पिस्तुलावर विसंबायला धजत नाही, त्याने ते बाळगण्याचे सोडून द्यावे; आणि ज्याने एकही गोळी न झाडता ते कमरेला लावले, त्याने खंडेनवमीची पूजा कितीही मनोभावे केली असली, तरी त्या शस्त्राविषयी त्याला अद्याप काहीच ठाऊक नाही.