विसाव्याची खुर्ची

विश्रांती हा नैतिक प्रश्न असू शकतो काय? सेमिनरीत असताना कोणी असे विचारले असते तर आम्ही संत थॉमस अक्वायनस ह्यांचा आधार घेऊन चटकन उत्तर दिले असते. सतत ताणून ठेवलेले धनुष्य अखेर मोडते, तद्वतच मनालाही खेळाची व विनोदाची उसंत हवी, असे ह्या तत्त्ववेत्त्या संताने तेराव्या शतकात प्रतिपादन केले आहे. इतकेच नव्हे, तर जो स्वतः कधी सैलावत नाही आणि त्यामुळे इतरांना भार होतो, त्याच्या ठायी दोष आहे, असेही ते म्हणतात. परीक्षेपुरते एवढे पुरे होते. ह्या विधानाचा उत्तरार्ध आमच्याच अंगावर येईल, आणि तोही मेक्सिकोच्या समुद्रकिनाऱ्यावर, हे तेव्हा कोठून ठाऊक असणार!

आमचे एक सेमिनरीतील सोबती कॅनडातील एका धर्मग्रामात सेवा करतात. तेथे स्थायिक झालेली वसईची दोन कुटुंबे व हे फादर बर्फाला कंटाळून दर हिवाळ्यात आठ-दहा दिवस मेक्सिकोतील प्वेर्तो वायार्ता ह्या गावी जातात. नाताळ व लग्नसराई आटोपल्यावर, जानेवारी २०२५ च्या अखेरीस, त्यांनी आम्हांलाही ओढून नेले. अट एकच होती : तेथे काहीही करायचे नाही.

हे गाव पॅसिफिक महासागराच्या बांदेरास उपसागरावर वसले आहे. १९६३ साली जवळच्या मिस्मालोयाच्या किनाऱ्यावर जॉन ह्यूस्टन ह्यांनी 'द नाइट ऑफ द इग्वाना' ह्या चित्रपटाचे चित्रीकरण केले आणि ह्या आडबाजूच्या गावाचे नाव जगभर झाले. डिसेंबर ते मार्च ह्या काळात प्रचंड देवमासे विणीसाठी ह्या उपसागरात येतात. सकाळी मिस्सा झाली की आम्ही झावळ्यांच्या मांडवाखाली आरामखुर्च्या टाकून बसत असू. दूरवर देवमाशाची शेपटी वर आली की पत्त्यांचा डाव तेवढा थांबे.

एके दिवशी खांद्यावर वाळलेला भोपळा घेऊन एक विक्रेता आला. 'तुबा' म्हणून त्याने पेल्यात जे ओतले, त्याचा घोट घेताच आमच्यातील वसईकर एकदम ताठ बसले. ती माडी होती! वर सफरचंदाचे तुकडे व दाणे पेरलेले, पण माडीच. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला व आकापुल्को ह्यांच्या दरम्यान स्पेनची गलबते ये-जा करीत. त्यांवरील फिलिपिनो खलाशांनी माड व माडी काढण्याची विद्या ह्या किनाऱ्याला दिली. अशाच एका गलबतातून मेक्सिकोचे फेलिपे दे हेसूस गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघाले होते. १५९६ मध्ये ते गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर, आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांसमवेत, त्यांनाही क्रुसावर खिळण्यात आले. १८६२ साली हे दोघे एकाच दिवशी संतपदी गेले. हे आठवले आणि तो किनारा आम्हांला परका वाटेनासा झाला.

कदाचित म्हणूनच मांडवात पेले आणून देणाऱ्या तरुणाकडे आमचे लक्ष गेले असावे. सकाळी आम्ही येत असू तेव्हा तो उभा असे. सूर्यास्ताला उठत असू तेव्हाही उभाच. आमच्या सोबत्यांना स्पॅनिश येते. त्यांच्याकरवी आम्ही त्याला विचारले, "तू बसतोस केव्हा?" तो हसून म्हणाला, "बसमध्ये, जागा मिळाली तर."

सोबती म्हणाले, "अरे, आपण आलो नसतो तर त्याला मजुरी कोठून मिळाली असती?" बोलणे खोटे नव्हते. परंतु अनुवादाच्या ग्रंथातील शब्बाथाची आज्ञा आठवून पाहावी. तेथे दास-दासींनाही धन्याप्रमाणेच विसावा मिळावा, असे कारण दिले आहे. धन्याच्या विसाव्याची सोय करण्यापुरते त्यांचे नाव तेथे आलेले नाही. मजुरी हे भुकेचे उत्तर झाले, थकव्याचे नव्हे.

मेक्सिकोच्या कायद्याला हे उशिरा का होईना, उमगू लागले आहे. वर्षभर नोकरी केलेल्या कामगारास २०२२ अखेरपर्यंत किमान सहाच दिवसांची भरपगारी रजा मिळे. १ जानेवारी २०२३ पासून ती बारा दिवसांची झाली. आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, आणखी एक कायदा जाहीर झाला होता. लोक त्याला 'खुर्चीचा कायदा' म्हणतात. दुकानांत व सेवाव्यवसायांत राबणाऱ्यांना पाठ टेकता येईल अशी खुर्ची मालकाने दिलीच पाहिजे, असे तो सांगतो. जून २०२५ मध्ये तो अमलात आला. आपल्याकडेही केरळने २०१८ मध्ये व तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांसाठी अशी तरतूद केली. खुर्चीसाठी कायदा करावा लागतो, ह्यात आपणा सर्वांचीच काहीशी नामुष्की आहे.

"मग आम्ही उद्यापासून किनाऱ्यावर येतच नाही," असे आम्ही तावातावाने बोलून गेलो. "अकरा वर्षांत आम्ही एकदाही रजा घेतली नव्हती. तेच बरे होते."

सोबत्यांनी पत्ते खाली ठेवले. ते मागील वर्षी आमच्या धर्मगुरूनिवासात राहून गेले होते. "आणि तुझ्याकडच्या स्वयंपाकीणबाई? त्यांनी घेतली होती रजा?"

आम्हांला उत्तर देता येईना. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर पाहुण्यांना गरम जेवण लागते, म्हणून नाताळच्या रात्रीही बाई आमच्या चुलीपाशीच असत. आम्ही रजा घेत नसू, म्हणून त्याही घेत नसत. ज्याला आम्ही त्याग म्हणून मिरवीत होतो, त्याचा अर्धा भार साठीच्या बाई वाहत होत्या, आणि ते आम्ही त्यांना कधी विचारलेही नव्हते. अक्वायनसांचा उत्तरार्ध तो हाच.

परतल्यावर आम्ही बाईंना सांगितले, "दर गुरुवारी सुटी घ्यायची. पगार कापणार नाही." त्यांचा चेहरा उतरला. पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "फादर, माझं काही चुकलं का?"

त्यांची समजूत पटायला दोन आठवडे गेले. आता गुरुवारी आम्हीच खिचडी टाकतो. पहिल्या गुरुवारी बाई सवयीने आल्याच. आम्ही ओट्याजवळ खुर्ची ओढून दिली. बराच वेळ त्या खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या होत्या, मग हळूच विचारते झाल्या, "मीठ घातलंत ना?"